डिझेल गाडी थरथरतेय? बाटली ओतायच्या आधी हे बघा

सिग्नलला थांबलं की माझ्या डॅशबोर्डवरचा गणपती नाचायला लागायचा. गाडी 2012 ची, कॉमन रेल डिझेल (एकाच जाड नळीतून सगळ्या सिलिंडरना दाबाने डिझेल जातं ती), रनिंग 1 लाख 40 हजार. धायरी फाट्यावर अडकलो की बायको म्हणायची, "गिरणीत बसल्यासारखं वाटतंय." पंपावरच्या पोराने सांगितलं, काका डिझेलमध्ये ही बाटली टाका, नोझल साफ होतात. साडेचारशे गेले. पुढच्या टाकीला आणखी साडेचारशे. गणपती नाचतच राहिला.

दोष बाटलीचा नव्हता. ती काय करते हे न बघताच मी ओतली होती. अशा बाटलीत बहुतेक तीन गोष्टी असतात: सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या नोझलवरचा कार्बन सोडवणारं डिटर्जंट, डिझेल चटकन पेटावं म्हणून सीटेन वाढवणारं रसायन, आणि गाडीच्या डिझेल पंपाला थोडं वंगण. आपल्याकडच्या बीएस-6 डिझेलचा सीटेन मुळात किमान 51 असतो. वंगणाचा गुणही तेलकंपन्या आधीच भरून काढतात. राहिलं डिटर्जंट, आणि त्याचा उपयोग नोझल खरोखर मळलं असेल तरच.

म्हणून आधी गाडी कधी थरथरते ते बघा. डिसेंबरात सकाळी चालू करताना भकभक करते आणि दोन मिनिटांत शांत होते? मग हीटर प्लग तपासा. इंजिनचा आवाज एकसारखा आहे, पण स्टिअरिंग आणि सीट कापते? बहुतेक इंजिन माउंटिंगचं रबर बसलंय. काळा धूर आणि पिकअप गायब? ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोचा फाटलेला होज.

ईजीआरच्या बाबतीत एक गोष्ट मला उशिरा कळली. डिझेल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. ईजीआर आणि हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखी काजळी साचते, तिथून इंधन जातच नाही. टाकीत काहीही ओता, त्या काजळीला त्याचा थेंबही लागणार नाही. ती खोलूनच साफ करावी लागते.

मग डिझेल फिल्टर. खाली पाणी काढायचा स्क्रू असतो. गाडी बंद ठेवून खाली लोणच्याची रिकामी काचेची बरणी धरा, स्क्रू दोन आटे सैल करा आणि अर्धा कप येऊ द्या. बरणी दहा मिनिटं कट्ट्यावर ठेवा. पाणी असेल तर ते तळाशी बसतं, वर डिझेल आणि मध्ये स्पष्ट रेघ. माझ्या बरणीत बोटभर पाणी निघालं. फिल्टर नवा टाकला, थरथर थोडी कमी झाली, गेली मात्र नाही.

खरं दुखणं सापडलं ते रिटर्न टेस्टमध्ये. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरून उरलेलं डिझेल एका बारीक नळीने टाकीकडे परत जातं. मेकॅनिकने त्या चार नळ्या सोडल्या, चार सलाइनच्या नळ्या जोडल्या आणि खोकल्याच्या औषधाच्या चार सारख्या बाटल्या बॉनेटखाली टांगल्या. तीन मिनिटं गाडी आयडलवर. तीन बाटल्यांत तळाशी जेमतेम डिझेल, तिसऱ्या नंबरची जवळजवळ अर्धी! म्हणजे तो इंजेक्टर आतून झिजलेला, डिझेल फवारायच्या ऐवजी परत सोडतोय. मी चौदा वर्षं भोसरीत ग्राइंडिंगवर काढली आहेत. इंजेक्टरच्या आतले भाग मायक्रॉनमध्ये बसवलेले असतात. तिथली झीज कुठलंही रसायन भरून काढू शकत नाही, धातू परत येत नसतो.

रिटर्न नळ्यांत दाब कमी असतो, म्हणून हे जमतं. रेलकडून येणाऱ्या स्टीलच्या पाइपांना चालू गाडीत पान्हा लावू नका. तिथे हजार बारच्या पुढे दाब जातो, धार कातडीतून आत घुसते.

रिटर्न टेस्टच्या सगळ्या बाटल्या सारख्या भरल्या, फिल्टर स्वच्छ, ईजीआर स्वच्छ, तरी गाडी किंचित मिसिंग मारतेय आणि ती कायम गावातच फिरते? मग जरूर पंपावरची एक बाटली टाका. टाकी पाव भरलेली असताना आधी बाटली, मग डिझेल, म्हणजे नीट मिसळतं. प्रमाण लेबलवरचंच. त्यानंतर गाडी वाईपर्यंत नेऊन आणा, खंबाटकी चढताना तिला जरा ताणा. एका टाकीत फरक नाही पडला तर दुसरी घेऊ नका. आणि कुणी टू-टी ऑइल किंवा रॉकेल सुचवलं तर हसून विषय बदला. रॉकेलने पंपाचं वंगण कमी होतं, टू-टीची राख बीएस-6 गाडीच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, अडकते.

माझा तिसरा इंजेक्टर नवा टाकला, खाली तांब्याचा नवा वॉशरही. तरी थरथर होतीच! चार दिवस मी डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं, नव्या इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड असतो आणि तो स्कॅनरने गाडीच्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. मेकॅनिक तेच विसरला होता. जुना इंजेक्टर परत मागून घ्या आणि हा कोड भरताना शेजारी उभे राहा. आमचा गणपती आता फक्त स्पीडब्रेकरवर हलतो.