एशिया पॅसिफिक फोरमचं मेंबर व्हायचंय? आधी जिनिव्हाचं बघा

पहिलीच गोष्ट, हा फोरम म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगांची संघटना, हे एनजीओंसाठी नाहीये, आपल्या महाराष्ट्राच्या राज्य आयोगासाठी पण नाही. देशाच्या मानवाधिकार आयोगालाच मेंबर होता येतं. १९९६ला डार्विनमध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंडोनेशिया आणि भारत या चौघांच्या आयोगांनी हे सुरू केलं, ऑफिस सिडनीला.

आता खरी मेहनत. नुसता अर्ज टाकून काही होत नाही, आधी आयोगाचा कायदा काढा आणि पॅरिस तत्त्वांशी ताडून बघा (मानवाधिकार आयोग कसा असावा याचे निकष, १९९३ला युएन महासभेने मान्य केलेले), म्हणजे सरकारपासून स्वतंत्र आहे का, पैसा पुरेसा आहे का, नेमणुका उघडपणे होतात का, मेंबरांमध्ये समाजातले वेगवेगळे लोक आहेत का वगैरे. इथेच भलेभले अडकतात, आपल्याच राष्ट्रीय आयोगाच्या दर्जाचा निर्णय २०२३ आणि २०२४ला लागोपाठ पुढे ढकलला, नेमणुका आणि तपासाला पोलीस अधिकारी वापरणं यावरून, आणि ते मला तरी बरोबरच वाटतं.

मग कायदा, बजेट, वार्षिक अहवाल असं सगळं जोडून अशा आयोगांच्या जिनिव्हातल्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे गानरीच्या (GANHRI) अ‍ॅक्रेडिटेशन उपसमितीकडे पाठवायचं, ती आयोगाला दर्जा ठरवते. दर ५ वर्षांनी परत तपासणी असते, त्यामुळे फायली नीट ठेवा बाबांनो.

'ए' दर्जा मिळाला तर फोरमचं पूर्ण सदस्यत्व, 'बी' मिळाला तर सहयोगी. सहयोगीला मत नाही, पण ट्रेनिंग वगैरे मिळतं, त्यामुळे नवीन आयोगाने तिथून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही.