गेमिंग संगणकाचे सुटे भाग निवडताना: मॉनिटरपासून भिंतीतल्या प्लगपर्यंत

महागडा गेमिंग संगणक स्वतः जुळवायला घेणारे बहुतेक जण ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात, कारण सर्वांत जास्त पैसा तिथेच जातो. माझ्या मते सुरुवात मॉनिटरपासून करावी. संगणक कितीही शक्तिशाली असला तरी आपल्याला दिसते ते मॉनिटर दाखवतो तेवढेच, आणि कोणत्या भागावर किती ताण येणार हेही मॉनिटरच ठरवतो. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी पडद्यावर ३६.९ लाख आणि ४के पडद्यावर ८३ लाख. म्हणजे १४४०पी सोडून ४के घेतला की प्रत्येक फ्रेमसाठी ग्राफिक्स कार्डाला सव्वादोन पट पिक्सेल रंगवावे लागतात. दुसरीकडे मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो हर्ट्झमधला आकडा, वाढला की वेळ कमी मिळतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, २४० हव्या असतील तर जेमतेम ४.२.

यातून पुढच्या सगळ्या खरेदीची दिशा ठरते. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, गाडी वळणावर कशी घसरेल, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि पडदा लहान की मोठा याने त्यात फारसा फरक पडत नाही. त्या हिशेबाचे चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे असते आणि ते पिक्सेलांबरोबर वाढत जाते. म्हणून ४के पडद्यावर निसर्गदृश्यांनी भरलेले, कथाप्रधान खेळ खेळणाऱ्याने पैसा कार्डात घालावा, आणि १४४०पी किंवा फुल एचडी पडद्यावर २४० हर्ट्झच्या वेगाने स्पर्धात्मक नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्याने प्रोसेसरकडे अधिक लक्ष द्यावे. दोन्ही आवडीनिवडी असलेल्या माणसाला मी आजही १४४०पीचा, १६५ हर्ट्झच्या वरचा मॉनिटर सुचवीन, कारण त्या पडद्याला न्याय देणारे कार्ड पुढची अनेक वर्षे पुरते. ओलेड पडद्याचे रंग आणि काळा रंग यांना तोड नाही. मात्र त्याच संगणकावर दिवसभर कार्यालयीन काम होणार असेल आणि विंडोजची खालची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहणार असेल, तर ओलेडवर तिचा कायमचा ठसा उमटण्याची शक्यता गृहीत धरून आयपीएस या एलसीडी प्रकारच्या पडद्याचा विचार करावा.

आता ग्राफिक्स कार्ड. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० मध्ये ३२ जीबी मेमरी आहे आणि ते एकटे ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. त्याच्या खालच्या आरटीएक्स ५०८० मध्ये १६ जीबी मेमरी असून त्याची मर्यादा ३६० वॅट आहे. भारतात दोघांच्या किमती अनुक्रमे २,१४,००० आणि १,०७,००० रुपयांपासून जाहीर झाल्या होत्या आणि दुकानांत त्याहून बरेच जास्त मोजावे लागले. किंमत दुप्पट असली तरी ४के खेळांतला वेग साधारण दीडपटच मिळतो. ज्यांना त्याच संगणकावर त्रिमितीय चित्रांचे रेंडरिंग करायचे आहे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल घरच्या घरी चालवायची आहेत, त्यांना ३२ जीबी मेमरीचे मोल कळेल. केवळ खेळण्यासाठी मात्र आरटीएक्स ५०८०, आरटीएक्स ५०७० टीआय किंवा एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी यांतून निवड करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. या तिन्हींत १६ जीबी मेमरी आहे आणि नव्या खेळांसाठी उच्च क्षमतेचा संगणक बांधताना त्याहून कमी मेमरीचे कार्ड घेऊ नये.

कमी पिक्सेलांवर रंगवलेले चित्र मोठे करणाऱ्या डीएलएसएस (एनव्हिडियाचे) आणि एफएसआर (एएमडीचे) या तंत्रांचाही हिशेब इथेच करावा. ४के पडद्यावर डीएलएसएस ‘क्वालिटी’ पातळीवर ठेवले की खेळ प्रत्यक्षात १४४०पीवर रंगवला जातो आणि मग मोठा केला जातो, त्यामुळे कार्डावरचा भार पुष्कळ उतरतो आणि चित्र बहुतेक ठिकाणी सुरेखच दिसते. फ्रेम जनरेशनबद्दल मात्र सावध असावे. त्यात खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेल्या फ्रेम भरल्या जातात, हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही. मूळ वेग ६० फ्रेमच्या आसपास असेल तरच त्याचा उपयोग करावा, आणि कार्डांची तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद ठेवून घेतलेलेच आकडे पाहावेत.

प्रोसेसरच्या बाबतीत निवड सध्या बरीच सोपी झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला एएमडीचा रायझेन ७ ९८००एक्स३डी हा ८ कोअरचा (हिशेब करणारे आठ भाग असलेला) प्रोसेसर खेळांसाठी मी डोळे झाकून सुचवतो. त्याच्या बळाचे कारण त्याची ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच जलद मेमरी. खेळाला वारंवार लागणारी माहिती प्रत्येक वेळी रॅमपर्यंत जाऊन आणण्याऐवजी प्रोसेसरच्या अंगावरच सापडते, आणि रॅमपर्यंतची फेरी कॅशच्या तुलनेत फारच संथ असते. आधीच्या ७८००एक्स३डीमध्ये ही वाढीव कॅश कोअरच्या डोक्यावर बसवलेली होती आणि उष्णता बाहेर जाण्याच्या वाटेत येत होती. ९८००एक्स३डीमध्ये ती कोअरच्या खाली नेल्यामुळे तो अधिक वेगाने चालूनही आटोक्यात राहतो. ९९५०एक्स३डीचे १६ कोअर व्हिडिओ संपादन करणाऱ्यांच्या कामाचे आहेत, परंतु त्याच्या दोन चिपलेटपैकी (कोअर ज्यांवर असतात त्या छोट्या चिपांपैकी) एकावरच वाढीव कॅश असते, त्यामुळे खेळ त्याच बाजूला राहील याची काळजी ड्रायव्हर आणि विंडोजला घ्यावी लागते. केवळ खेळासाठी त्या गुंतागुंतीत पडण्याचे कारण नाही. जुना इंटेल प्रोसेसर स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता निर्माण होत होती आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांची) दुरुस्ती दिली, तरी तोवर झालेली हानी त्या दुरुस्तीने भरून निघत नाही.

मदरबोर्डावर गरजेपेक्षा जास्त खर्च होताना मी नेहमी पाहतो. एका ग्राफिक्स कार्डाच्या आणि दोन एसएसडींच्या संगणकाला एएमडी प्रोसेसरांसाठीच्या बी८५० चिपसेटचा चांगला बोर्ड पुरेसा आहे. खरेदीआधी त्याची माहितीपुस्तिका उतरवून घेऊन एकच पान नीट वाचावे, ते म्हणजे एम.२ स्लॉट (एसएसडी बसते ती खाच) आणि ग्राफिक्स स्लॉट यांच्यात लेन, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वाटा, कशा वाटल्या आहेत याचे. कित्येक महागड्या बोर्डांवर दुसऱ्या वेगवान एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेनच्या ८ होतात.

रॅमच्या बाबतीत मी स्वतः चूक केली आहे. एका जुळवणीच्या वेळी दुकानदाराच्या सांगण्यावरून मी दोनऐवजी चार स्टिक बसवल्या. चारही खाचा भरलेल्या पाहून समाधान वाटले, पण संगणक सांगितलेल्या वेगाने कधीच स्थिर चालला नाही. कारण नंतर एएमडीच्या तपशिलात सापडले: रायझेन ९००० मालिकेत दोन स्टिकसाठी अधिकृत वेग ५६०० आहे, चार स्टिकसाठी केवळ ३६००. म्हणून १६ जीबीच्या दोन किंवा ३२ जीबीच्या दोन स्टिकचा एकत्र विकला जाणारा संच घ्यावा, डीडीआर५ ६००० आणि सीएल३० असा. हा सीएलचा, म्हणजे रॅमच्या विलंबाचा, आकडा लहान अक्षरांत छापलेला असतो, पण तो महत्त्वाचा आहे. ६००० वेगावर सीएल३० म्हणजे पहिली माहिती मिळायला १० नॅनोसेकंद, आणि त्याच वेगावर सीएल४० म्हणजे १३.३. २०२५च्या उत्तरार्धापासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या असल्याने, पैसे आखडते घ्यावे लागले तर ६४ऐवजी ३२ जीबी घ्यावी, पण दोन स्टिकचा नियम मोडू नये.

साठवणुकीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सेकंदाला सुमारे ७००० एमबी वाचणारी पीसीआयई ४.० ची, म्हणजे चौथ्या पिढीची, २ टीबी एसएसडी खेळांना पुरते. पाचव्या पिढीच्या एसएसडीचा आकडा दुप्पट असला तरी खेळ सुरू होण्याच्या वेळेत त्याचा फरक क्वचितच जाणवतो. एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या क्यूएलसीपेक्षा तीन बिट साठवणारा टीएलसी प्रकार घ्यावा.

ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते तो एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आणि माझ्या मते काटकसर न करण्याची जागा हीच. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. एटीएक्स ३.० आणि ३.१ प्रमाणांचे एसएमपीएस असे क्षणिक झटके सोसण्यासाठीच बनवलेले असतात, म्हणून जुन्या संगणकातला एसएमपीएस काढून नव्यात बसवण्याचा मोह टाळावा. आरटीएक्स ५०८० आणि ९८००एक्स३डी यांना ८५० वॅट, आरटीएक्स ५०९० असेल तर किमान १००० आणि शक्य असल्यास १२०० वॅट घ्यावे. कार्डाला जाणाऱ्या १६ पिनांच्या जोडणीत पिन अर्धवट बसल्यामुळे जोड वितळल्याच्या घटना घडल्या आहेत. सुधारित १२व्ही-२x६ जोडणी असलेला एसएमपीएस घ्यावा, फट दिसणार नाही इतपत केबल आत दाबावी आणि जोडापासून पहिले ३५ मिलिमीटर ती वाकवू नये. एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्याला कधीही लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि त्यात मदरबोर्डासकट सगळे जळू शकते.

एसएमपीएसच्या पलीकडे घरची वीज येते, आणि आपल्याकडे तिचा विचार केल्याशिवाय निवड पुरी होत नाही. पूर्वीच्या संगणकासाठी घेतलेला ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, म्हणजे खेळ ऐन रंगात असताना लाइट गेली तर तो या संगणकाला दोन क्षणही तोलू शकत नाही. किमान १५०० व्हीएचा, आणि पैसे असतील तर शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देणारा यूपीएस घ्यावा, कारण चांगल्या एसएमपीएसमधले अ‍ॅक्टिव्ह पीएफसी सर्किट स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर कधी कधी बंद पडते. संगणकाच्या पॉइंटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. धातूच्या कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ते अर्थिंग नसल्याचे लक्षण मानावे आणि दुरुस्ती होईपर्यंत महाग भाग जोडू नयेत.

कूलर आणि कॅबिनेट निवडताना परदेशी चाचण्यांतले तापमान जसेच्या तसे धरू नये. त्या चाचण्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. नागपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोली ३८ अंशांवर असेल तर प्रत्येक भागाच्या तापमानात जवळपास तेवढाच फरक मिळवावा. ९८००एक्स३डीला दोन टॉवरचा चांगला एअर कूलर पुरतो, त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का ते पाहावे. लिक्विड कूलर घेतलाच तर रेडिएटर वरच्या बाजूला बसवावा, म्हणजे आतली हवा पंपात अडकत नाही. कॅबिनेटचा पुढचा भाग काचेचा नसून जाळीचा असावा आणि त्या जाळीमागे धुता येणारा फिल्टर असावा, कारण कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातला दमटपणा धुळीला चिकट करून पंख्यांवर थर चढवतो. एक हिशेब क्वचितच कोणी करते: ८०० वॅट ओढणारा संगणक तेवढीच उष्णता खोलीत सोडतो, आणि एक टनाच्या एसीच्या क्षमतेचा तो जवळपास पाव हिस्सा असतो. उन्हाळ्यात त्या खोलीत खेळायचे असेल तर ही किंमतही कार्डाच्या किमतीत धरावी.

भाग ऑनलाइन घ्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फिरून घ्या, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर जीएसटीच्या बिलावर लिहून घ्यावा. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांकडून कार्ड मागवण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात लागू होते का हे विचारावे, पुष्कळदा ती होत नाही. संगणक पहिल्यांदा सुरू केला की डीडीआर५ रॅमची जुळणी होत असताना पडदा कित्येक मिनिटे काळा राहू शकतो. घाबरून वीज बंद करू नये. नंतर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम जाहीर वेगाने चालवण्याची सोय, चालू करावे, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० किंवा ५६०० वरच चालत राहते. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना हे पाहावे आणि विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून पूर्ण वर न्यावा. मग रॅमची चाचणी रात्रभर आणि जड खेळ दोन-तीन तास सलग चालवावा, आणि हे सगळे परतीची मुदत संपण्याआधी, खोकी फेकून देण्याआधी उरकावे.