भादव्याच्या आत गल्लीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस

भादवा हा कुत्र्यांच्या माजाचा महिना. एका कुत्रीमागं सात-आठ कुत्रे लागतात, भांडणं होतात, चावे होतात, आणि रेबीज पसरतो तो मुख्यतः चाव्यातल्या लाळेतून. लसीची ताकद अंगात यायला तीन-चार आठवडे लागतात. त्यामुळं 'गणपती झाल्यावर बघू' म्हणू नका. शिबिर श्रावण लागायच्या सुमाराला उरका.

आधी कुत्री मोजा. घरची, मळ्यातली आणि बेवारस अशी वेगळी नोंद करा. शंभरातल्या सत्तरांना लस मिळाली तर साखळी तुटते, म्हणजे ६० कुत्र्यांच्या गल्लीत किमान ४२. निव्वळ पाळलेल्यांना टोचून हा आकडा गाठता येत नाही. मात्रा कुत्र्याच्या आकारावर नसते: पामेरियन असो की मुधोळ, एकेकाला १ मिली. टोचायचं काम पशुवैद्यांचंच. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तीन आठवडे आधी आकड्यासह अर्ज द्या, आणि आपला बेळगाव-खानापूर भाग कर्नाटकात, म्हणून तोही कन्नडमध्ये, म्हणजे काम अडत नाही. गल्लीतला फलक मात्र मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा.

सगळ्यात जास्त चूक होते ती बर्फाची. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. बाटली बर्फाला थेट टेकली की लस गोठते आणि गोठलेली लस वाया जाते. वरून बघून ते कळतही नाही. बर्फाच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळा, पेटीत थर्मामीटर ठेवा. खानापूरकडच्या गावांत पावसात वीज जाते, तेव्हा लस आदल्या दिवशी आणून कुणाच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. सकाळीच आणा.

जागा छपराची हवी आणि आत-बाहेर जायला दोन वाटा हव्यात. समोरासमोर आलेली कुत्री भिडतात, म्हणून रांगेत दोन मीटर अंतर ठेवा. मळ्यातलं कुत्रं कधी बांधलेलं नसतं, ते दावं बघूनच बिथरतं; त्याला चार दिवस आधीपासून घरीच दाव्याची सवय लावा. चावरं असेल तर दोन इंची बँडेजचा फास नाकाडावर घ्या, हनुवटीखाली फुली मारून कानांमागं बांधा आणि टोचून झालं की लगेच सोडा. तोंड बांधलेल्या कुत्र्याला धापा टाकून अंग गार करता येत नाही. चपट्या नाकाच्या पगला हे करूच नका.

अंगात ताप, जुलाब, किंवा गोचिडांमुळं हिरड्या पांढुरक्या पडलेल्या दिसल्या तर आधी उपचार, लस नंतर. लसीनंतर अर्धा तास कुत्रं तिथंच थांबवा. तोंड सुजलं, उलट्या झाल्या, तोल गेला तर डॉक्टर जवळ हवेत. बेवारस कुत्र्याच्या मानेवर रंगाचा पट्टा ओढा, नाहीतर तेच कुत्रं दोनदा पकडलं जातं.

कुणाला दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, चटणी काही लावू नका. कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि सांगितलेली सगळी इंजेक्शनं पूर्ण करा.

भादव्यात फळलेल्या कुत्र्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात. ती पिल्लं माघ-फाल्गुनात तीन महिन्यांची होतात. त्यांच्यासाठी तेव्हा अर्ध्या दिवसाची दुसरी फेरी ठेवा, आणि वहीत तारीख आजच लिहून ठेवा.