लीनतेचा रोजचा सराव

ख्रिस्ती जीवनात लीनता अंगी बाणवायची असेल, तर चारचौघांत स्वतःला कमी लेखण्याची सवय आधी सोडावी. ‘मी नालायक, माझी काय पात्रता’ असे उठता-बसता म्हणणाऱ्याचे लक्ष शेवटी स्वतःवरच असते आणि ऐकणाऱ्यालाही त्याची समजूत काढत बसावे लागते. येशूने सांगितलेल्या दाखल्यातील, म्हणजे बोधकथेतील, जकातदाराने आपण पापी असल्याचे कबूल केले खरे, पण ते दूर उभे राहून, देवाजवळ. म्हणून सरावाची सुरुवात एकांतातील प्रार्थनेने करावी. रात्री झोपण्यापूर्वी दिवसातील एकच प्रसंग नेमका आठवावा: कोणाचे बोलणे मध्येच तोडले, कोणाच्या कामाचे श्रेय मुकाट्याने आपल्याकडे घेतले, कोणाची बढती ऐकून मन खट्टू झाले. तो प्रसंग त्या व्यक्तीच्या नावासह देवापुढे मांडावा, कारण ‘माझा गर्व दूर कर’ अशा मोघम प्रार्थनेत लपायला पुष्कळ जागा असते.

ज्याला दुखावले त्याची क्षमा मागणे ही पुढची पायरी होय, आणि तिथे शब्दांना फार महत्त्व आहे. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर माफ करा’ या वाक्यात चूक समोरच्याच्या पदरात टाकलेली असते. ‘काल सभेत मी तुमचा हिशेब न वाचताच चुकीचा ठरवला, ते माझे चुकले’ असे म्हणावे आणि तिथेच थांबावे. कारणे देऊ नयेत, आणि समोरच्याने लगेच क्षमा करावी अशी अपेक्षाही धरू नये.

सेवेच्या बाबतीत योहानाच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय सावकाश वाचावा. त्या काळी पाहुण्यांचे धुळीने माखलेले पाय धुणे हे चाकराचे काम होते. प्रभू येशू जेवणावरून उठला, त्याने कमरेला रुमाल बांधला आणि आपल्या शिष्यांसाठी ते काम स्वतः केले. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, अनेक चर्चमध्ये हा विधी श्रद्धेने होतो, परंतु वर्षाचे उरलेले दिवस सरावाला मोकळेच असतात. उपासनेनंतर सतरंज्या झटकून घड्या घालणे, प्रीतिभोजनानंतर खरकटी पातेली घासणे, अशी कोणाच्या नजरेत न भरणारी कामे निवडावीत आणि नंतर त्यांची साक्ष देऊ नये, म्हणजे चारचौघांत ती सांगत बसू नये. मंडळीची, म्हणजे चर्चच्या समुदायाची, भांडी घासणारा पुरुष घरी स्वतःचे ताट पत्नीसाठी तसेच सोडून उठत असेल, तर त्याने सराव घरापासूनच सुरू करावा हे उत्तम.

त्याच प्रसंगात येशूचा शिष्य पेत्र याने आपले पाय धुऊ द्यायला नकार दिला, याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. मला वाटते, लीनतेची अवघड बाजू हीच आहे. सेवा करणाऱ्याच्या हाती थोडा तरी अधिकार असतो. घेणाऱ्याला मात्र आपली गरज उघडी करावी लागते. आजारपणात शेजारणीने आणलेला डबा ‘कशाला त्रास घेतलात’ असे दहादा न म्हणता स्वीकारावा. पाळकाने (धर्मगुरूने) किंवा मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी एखाद्या नव्या विश्वासणाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ असे मनापासून म्हणावे, आणि तो अडखळत प्रार्थना करील तेव्हा डोके लववून शेवटपर्यंत ऐकावे.

विद्या असलेल्यांसाठी पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजावे म्हणून सोप्या भाषेत. 1922 मध्ये निधन होईपर्यंत त्या या कामात होत्या. प्रवचन किंवा बायबल अभ्यास घेणाऱ्यांनी तयारी करताना प्रत्येक जड शब्दापाशी थांबून तो श्रोत्यांच्या उपयोगासाठी आहे की आपल्या विद्वत्तेसाठी, हे तपासावे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. लीनता म्हणजे लाचारी नव्हे, आणि पिढ्यान्पिढ्या ज्यांना वाकायला लावले गेले त्यांना पुन्हा वाकण्याचा उपदेश करणे हा अन्याय आहे. येशूला अटक झाल्यावर चौकशीच्या वेळी शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याला विचारले. फिलिप्पै शहरातील ज्या मंडळीला प्रेषित पौलाने पत्रातून लीनतेविषयी लिहिले, त्याच शहरात त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते. अधिकारी त्याला गुपचूप सोडू लागले, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा आग्रह त्याने धरला. म्हणून घरात मारहाण सोसणाऱ्या किंवा मंडळीत जातीवरून अपमान झालेल्या व्यक्तीला ‘नम्र राहा’ असे सांगू नये. तिची बाजू ऐकावी, तिच्यासोबत उभे राहावे, आणि नम्र होण्याची मागणी ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्याकडे करावी.