स्मिथ मंडळींची टिपणवही

नौपाड्यात मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना सामान्यज्ञान शिकवते. वहीत नुसतं ‘स्मिथ’ लिहिलेलं दिसलं की मी ते पान पुन्हा लिहायला लावते. स्मिथ म्हणजे धातूकाम करणारा. लोहारकाम गावोगाव चालायचं, म्हणून हे आडनावही उदंड.

पानावर चार रकाने आखा: पूर्ण नाव, काम, ठिकाण, साल. अ‍ॅडम स्मिथ सोपे आहेत. अर्थशास्त्र, स्कॉटलंड, १७७६ (‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथाचं साल). एका ओळीत संपवा.

जॉर्ज स्मिथ लिहिताना मात्र मधलं अक्षर गाळायचं नाही. जॉर्ज ई. यांना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल यांच्यासोबत त्यांनी सीसीडी, म्हणजे प्रकाशाचं विद्युत संकेतांत रूपांतर करणारा संवेदक, शोधून काढला, ज्यावर डिजिटल कॅमेरे उभे राहिले. जॉर्ज पी. यांचं नोबेल रसायनशास्त्राचं, २०१८ चं, फेज डिस्प्लेसाठी, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या पृष्ठभागावर हवी ती प्रथिनं मांडण्याच्या पद्धतीसाठी. बहुपर्यायी प्रश्नात हे दोघे शेजारी आले तर ‘ई’ आणि ‘पी’ हाच आधार. ब्रिटिश म्युझियममधले तिसरे जॉर्ज त्यांच्या आधीचे. १८७२ मध्ये त्यांनी मातीच्या पाटीवरची, गिल्गमेश या प्राचीन मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातली महापुराची कथा वाचून काढली.

जॉनसाठी अर्धं पान मोकळं सोडा. दोन जॉन स्मिथ आहेत आणि दोघेही कॅप्टन म्हणून ओळखले जातात. एक १६०७ मध्ये अमेरिकेत जेम्सटाउन वसवणाऱ्यांपैकी. दुसरा आपल्या अजिंठ्याचा. मद्रासच्या घोडदळातला हा अधिकारी शिकारीला आला होता, तेव्हा त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्यानं प्राचीन चित्रावर स्वतःचं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. मला आजही याचा राग येतो. ते नाव आता डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात दगडमातीचा थर साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. हा तपशील लिहून ठेवाच, तारीख आपोआप लक्षात राहते. जमलं तर ठाण्याहून रेल्वेनं जळगाव गाठा आणि पुढे अजिंठ्याला जाऊन या.

उजळणी करताना पहिला रकाना हातानं झाका आणि कामावरून नाव सांगा, उलट नको. जॉनपाशी अडखळलात तर जेम्सटाउन आणि अजिंठा समोरासमोरच्या पानांवर घ्या.