स्लॅबच्या घरात चिमणीची जागा कशी सोडायची

मी मिस्त्री आहे, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला. जुनी मातीची घरं उतरवून तिथं विटांची घरं बांधणं हे माझं रोजचं काम. 2016 मध्ये ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली आणि गावोगावी घरकुलं उभी राहिली. माणसाला पक्कं घर मिळालं, हे फार चांगलं झालं. पण कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या खाली, छताच्या लाकडी बल्लीच्या आड, मातीच्या भिंतीतल्या खबदाडात चिमण्या राहायच्या, ती जागा मात्र गेली. स्लॅब आणि प्लास्टरच्या घराला फटच नसते. म्हणून मी भिंतीतच त्यांची जागा सोडतो. हे काम कोणत्याही मिस्त्रीला जमतं आणि त्याला वेगळा खर्च नाही. फक्त घरमालकानं वेळेत सांगायला हवं. जोता, म्हणजे पायावरचा चौथरा झाला की सांगा. प्लास्टरच्या दिवशी आठवून उपयोग नाही.

जागा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीत निवडा. आपल्याकडे पश्चिमेची भिंत मे महिन्यात संध्याकाळपर्यंत तापलेली असते, तिथं पिल्लं जगणार नाहीत. उंची जमिनीपासून आठ-दहा फूट, वर छज्जा असेल तर उत्तम. स्लॅबला अगदी चिकटून नको, मध्ये दोन थर जाऊ द्या, कारण स्लॅबची धग खाली उतरते. दार-खिडकीवरच्या लिंटेलच्या टोकाखाली आणि कॉलमजवळ ही जागा सोडायची नाही. खाली पाइप किंवा कठडा नको, मांजर त्यावरून चढते.

नऊ इंची भिंतीत त्या जागी बाहेरच्या अंगाची एक आडवी वीट दोन थरांत लावायची नाही. आतल्या अंगाची वीट तशीच राहते. म्हणजे साधारण नऊ इंच रुंद, सहा इंच उंच आणि साडेचार इंच खोल कोनाडा तयार होतो. त्याच्यावर फरशीचा तुकडा आडवा टाका आणि मगच पुढचा थर घ्या, नाहीतर वरच्या विटांना आधार राहत नाही. तळाला बाहेरच्या बाजूनं किंचित उतार द्या, पाणी साचत नाही. तळ घोटू नका, खरबरीत राहू द्या, पिल्लांचे पाय घसरत नाहीत.

कोनाड्याच्या तोंडावर लाकडी फळी स्क्रूनं बसवा. फळीत वरच्या बाजूला सव्वा इंचाचं, म्हणजे 32 मिलिमीटरचं गोल भोक पाडा. हे माप नीट पाळा. चिमणी त्यातून सहज जाते, साळुंकी जात नाही. भोक मोठं झालं तर साळुंकी घरटं बळकावते. भोकाखाली बसायला दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र सोयीची होते. फळीला आतून रंग, वार्निश, वाळवीचं औषध काही लावायचं नाही. चिमण्यांना शेजार आवडतो, म्हणून एकाच भिंतीत थोड्या अंतरानं दोन-तीन कोनाडे करा.

बाया हमखास विचारतात, "मिस्त्री भाऊ, या भोकातून साप घुसन ना घरात?" नाही घुसत मावशी. आतली वीट बंद आहे, घरात यायला वाटच नाही.

घर आधीच बांधून झालं असेल तर याच मापाच्या भोकाची लाकडी पेटी छज्ज्याखाली घट्ट ठोका. टिनाची नको, उन्हात भट्टी होते. घरटं घरात असेल, तर त्या खोलीतला छताचा पंखा चिमण्या आत असताना बंद ठेवा. पिल्लं उडून गेल्यावरच स्क्रू काढून जुनं गवत साफ करा.

नुसती जागा पुरत नाही. पिल्लांना पहिले दिवस अळ्या-किडे लागतात, दाणे नाही. म्हणून अंगणाला पूर्ण सिमेंट करू नका. एका कडेला माती, एखादी मेंदी किंवा बोरीचं झुडूप राहू द्या. त्या मातीत चिमण्या धूळस्नानही करतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सावलीत मातीचं परळ (पसरट भांडं) ठेवा, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड. परळ रोज घासायचं. फवारणीचा पंप त्याच्या जवळपास धुवू नका. पेरणीच्या वेळी औषध लावलेलं बियाणं अंगणात सांडलं तर लगेच वेचा आणि खोल पुरा, पाखरं ते टिपतात.

जुना वाडा पाडायला घेताना आधी माळा आणि भिंतीतली खबदाडं बॅटरीनं बघा. गव्हाणी घुबड अशाच ठिकाणी अंडी घालतं. लोक त्याला अपशकुनी म्हणून मारायला धावतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. तो पक्षी रात्रभर उंदीर मारतो, ज्वारीच्या कणगीचा राखणदार आहे. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला मारणं गुन्हा आहे. पिल्लं दिसली तर तेवढा भाग सोडून दुसरीकडून काम सुरू करा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. मालक घाई करतो, तरी पिल्लं उडेपर्यंत ती भिंत मी शेवटी ठेवतो.