पॅडिंग्टनचा जुना जलाशय: वास्तू कशी वाचावी

सिडनीच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, रस्त्याच्या पातळीखाली, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला पॅडिंग्टन जलाशय आहे. त्याची पश्चिमेकडील टाकी १८६६ मध्ये आणि पूर्वेकडील १८७८ मध्ये पूर्ण झाली. आज तेथे उद्यान असल्यामुळे बहुतेक जण झाडे पाहून परततात. बांधकाम समजून घ्यायचे असेल, तर छतापासून जमिनीपर्यंत भार कसा उतरतो, याचा माग काढावा.

पायऱ्या उतरण्यापूर्वी रस्त्यावरूनच जागेची उंची लक्षात घ्यावी. जलाशय डोंगरधारेवर बांधला, कारण येथवर पंपाने चढवलेले पाणी पुढे उतारानेच घरोघरी पोहोचत असे. टाकी झाकलेली ठेवल्याने पाण्यात धूळ पडत नसे आणि सूर्यप्रकाशाअभावी शेवाळही माजत नसे.

आता खाली उतरून विटांच्या कमानी पाहाव्यात. कमान भार पेलताना दोन्ही बाजूंना रेटा देते. शेजारच्या कमानीचा रेटा उलट दिशेने येत असल्याने मधल्या खांबावर मुख्यतः उभा भारच राहतो. म्हणूनच आयर्नबार्क या अत्यंत कठीण ऑस्ट्रेलियन लाकडाचे तुलनेने सडपातळ खांब येथे पुरले. रांगेच्या टोकाला मात्र समतोल साधणारी दुसरी कमान नसते, त्यामुळे तेथील भिंत आवर्जून पाहावी. टाकी भरलेली असताना पाणी तिला बाहेर ढकलते आणि रिकामी असताना मागची माती आत ढकलते. तिची जाडी या दोन्ही अवस्थांचा विचार करून समजून घ्यावी. माझ्या मते या वास्तूतील सर्वांत बोलका भाग तोच आहे.

१८९९ मध्ये जलाशयाचा वापर थांबला, पुढे येथे गोदाम आणि गॅरेज झाले आणि १९९० मध्ये पश्चिमेकडील छताचा भाग कोसळला. २००९ मध्ये खुल्या झालेल्या उद्यानाच्या रचनाकारांनी ही पडझड लपवली नाही, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पश्चिमेच्या उघड्या भागात कमानींचा छेद दिवसाच्या उजेडात तपासता येतो, तर पूर्वेच्या झाकलेल्या दालनात मूळ बंदिस्तपणा कळतो. म्हणून आधी पश्चिम, मग पूर्व हा क्रम ठेवावा. शेवटी नवे काँक्रीट आणि धातूकाम जुन्या वीटकामाला जेथे भिडते, ते सांधे शोधावेत: नव्याने जुन्याची नक्कल केलेली नसल्यामुळे ते सहज ओळखू येतात.